छपराखालची कोरडी पावलं

१

शिवगंगाबाईला माती देऊन माणसं घरी परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनारीचा एक गडी भूमला माझ्या दुकानापुढं सायकलवरून उतरला.

"मिस्त्री, अप्पांनी बोलावलंय. हत्यारं घेऊन चला. लॉरी बघायची हाय."

"काय झालं लॉरीला?"

"लॉरीला काय व्हायचंय? बाई गेली."

मग पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. सत्तेचाळीस सालचा भादवा होता तो; हद्दीपलीकडचा बार्शीचा मुलूख स्वतंत्र झाला होता, आमच्याकडं अजून संस्थानी राज्य होतं. सोनारीचे शांतलिंगअप्पा भुसाराचे व्यापारी. त्यांच्याकडं एक छोटी लॉरी होती. पुढं तिघांना बसायची जागा, मागं उघडा हौदा. आसपासच्या गावांत मोटार म्हणून ती एकच. अप्पांची बायको शिवगंगाबाई दिवसांत होती. मंगळवारी दिवेलागणीला कळा सुरू झाल्या, पण रात्रभर सुटका झाली नाही. बुधवारी तांबडं फुटताना अप्पांनी ठरवलं की आता बार्शीचा दवाखाना गाठायचा. ड्रायव्हर बलभीमनं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. गाडी उठलीच नाही. दहा-बारा जणांनी ढकलून पाहिली, पण मागची चाकं काळ्या चिखलात होती. गिअर टाकला की फिरायचं सोडून ती नुसती घसरायची. शेवटी बैलगाडी जुंपली. परंड्याच्या अलीकडं, वाटेतच, बाई मोकळी झाली. मुलगी जगली. आईचं रक्त काही थांबलं नाही.

"गाव म्हणतंय, बलभीमनं लॉरीकडं ध्यान दिलं न्हाय, बॅटरी मारून टाकली. आन हँडलबी गायब हाय. इकून खाल्लं म्हणत्यात. चावडीत बसवलाय त्येला. उद्या पोलीस ठाण्याचे अमीनसाब येणार हायेत, त्येंच्या हवाली करायचं ठरलंय."

मी पान्यांची पिशवी उचलली. दाराजवळच्या खुंटीला माझा टॉवेल होता, आणि टॉवेलाखाली त्या लॉरीचं हँडल, पुढून घालून हातानं इंजिन फिरवायचं, टांगलेलं होतं. दीड महिना ते तिथंच होतं.

२

त्याचं असं झालं होतं. दीड महिन्यापूर्वी हीच लॉरी अशीच टक् करून बसली होती. मला बोलावणं येईस्तोवर बलभीमनं हँडल मारायला घेतलं आणि पहिल्याच झटक्याला त्याच्या टोकाची पिन तोडून ठेवली. मी गाडी दुरुस्त करून निघालो तेव्हा तो वेशीपर्यंत माझ्यामागं आला.

"मिस्त्री, अप्पास्नी सांगू नका. बोल खावा लागंल. गुपचूप नीट करून द्या."

"पुढच्या बाजाराला घेऊन जा," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला तो आला, तेव्हा काम झालं नव्हतं. त्याच्या पुढच्याही बाजाराला झालं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं, म्हणूनच राहिलं. मोठं काम माणूस उरकून टाकतो.

सोनारीला जाताना मी हँडल बरोबर घेतलं नाही. सायकलच्या मागच्या बाजूला बसून मनाशी म्हणत होतो, आधी बघू तरी कशानं बंद पडलीय. इंजिनच आवळून जाम झालं असेल तर हँडलाचा काय उपयोग होता? खरं सांगतो, ते इंजिन आवळलेलं निघावं म्हणून मी काळभैरवाला हात जोडले. दुसऱ्याची गाडी कायमची मोडलेली असावी असं मागणारा मी एकटाच मिस्त्री असेन.

लॉरी दुकानामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. तोंड पत्र्याच्या छपराखाली, मागची चाकं बाहेर चिखलात. छपराखाली मात्र माती भुकटीसारखी कोरडी. अप्पा ओट्यावर बसले होते. घरातून तान्ह्या पोरीचं बारीक रडणं येत होतं, आणि ते थांबलं की अप्पा मान वर करून दाराकडं बघत.

"बघा," एवढंच ते म्हणाले.

मी दिवे लावले. दिवे लागले. दिवे लावूनच बटण दाबलं. टक् झालं आणि दिवे विझल्यासारखे झाले. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा हातानं ओढून पाहिला, तर पंख्याबरोबर इंजिन हललं. ते आवळलेलं नव्हतं. माझं मागणं देवानं ऐकलं नव्हतं.

मग पिशवीतली जाड तार काढली. तिचं एक टोक बॅटरीच्या टोकावर धरलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडावर दाबलं आणि अप्पांच्या गड्याला बटण दाबायला सांगितलं. इंजिन गरगर फिरलं. चावी बंद होती म्हणून पेटलं नाही इतकंच. ओट्यावर अप्पा उभे राहिले होते.

बॅटरी धड होती, इंजिन फिरवणारी मोटर धड होती. बिघाड राहिला परतीच्या वाटेवर. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं, आणि ती वाट म्हणजे तांब्याची एक विणलेली पट्टी. ती बॅटरीपासून खाली उतरते आणि गाडीच्या सांगाड्याला एका बोल्टनं आवळलेली असते. मी पाठीवर झोपून आत सरकलो.

नट ढिला होता. पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये ताडपत्रीचा एक तुकडा होता. चौघडी घालून नीट बसवलेला. बोल्टामधून थोडी वीज जात होती, दिव्यांपुरती, त्या टक् पुरती. इंजिन उठवण्याएवढी जात नव्हती.

ताडपत्री आपल्या पायानं तिथं जात नाही.

३

मी लगेच बाहेर आलो नाही. खाली पडल्या पडल्या दोन गोष्टी बघून घेतल्या.

नटाचे कोपरे घासटून गोल झाले होते. पान्यानं असं होत नाही. पाना नटाला चहूबाजूनं धरतो. हा नट कशानं तरी दोन बाजूंनी चिमटून, निसटत निसटत फिरवलेला होता. बोट लावलं तर काळं लागलं. ते वंगण नव्हतं. वंगण बोटाला चिकटतं. हे कोरडं होतं, चुलीच्या काजळीसारखं.

दुसरी गोष्ट मातीत होती. बलभीम बुधवारी सकाळी गाडीखाली शिरला होता. त्याच्या पावलांच्या आणि गुडघ्यांच्या खुणांत चिखलाचे गोळे वाळून बसले होते. पण त्याच्या खुणांखाली दबलेल्या आणखी खुणा होत्या. लहान पावलं, कोपर, गुडघा. त्यांत चिखलाचा कणही नव्हता. जे कुणी आत आलं होतं, ते कोरड्या पायांनी आलं होतं.

"बॅटरी मेली का?" अप्पांनी विचारलं.

"नाही, अप्पा. बॅटरी धड आहे. कुणीतरी जाणून केलंय."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "बलभीमनं?"

"दिवस मावळायच्या आत सांगतो. तोवर त्याला हात लावू देऊ नका. आणि मला सांगा, मंगळवारी इथं पाऊस कधी झाला?"

"तिसऱ्या प्रहरी. ओढा दुथडी भरून गेला. का?"

मी उलट लॉरी कधीपासून इथं उभी आहे ते विचारलं. मंगळवारी सकाळपासून, असं कळलं.

चावडीत बलभीम भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेला होता. मला बघून तो उठायला लागला, मीच त्याला बसवलं.

"मागच्या वेळी मी काय दुरुस्त केलं होतं, आठवतं?"

"न्हाय बा. तुमी मला बोल्ट आणाया परंड्याला धाडलं व्हतं. मी आलो तवर गाडी सुरू. ह्या बारीनं बी तसंच झालं, पर कुठं हात घालायचा त्ये मला ठावं न्हवतं. बॅटरीची टोकं घासली. खाली शिरून बघितलं. काय कळंना."

ते खरं होतं. मीच त्याला पाठवलं होतं.

"बुधवारी सकाळी लॉरी कुठं जाणार होती?"

दाराशी गावचा कोतवाल बसला होता. बलभीमनं त्याच्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "बार्शीला. माल आणाया."

"कसला माल?"

"त्ये इचारू नका, मिस्त्री."

मी उठलो. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. हँडलाचं नाव त्यानं काढलं नाही. ते कुठं आहे हे गावात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तोंड फुटेपर्यंत मार खाऊनही त्यानं सांगितलं नव्हतं, कारण मालकापासून ते लपवायचं असं आमचं ठरलं होतं. आता आपण होऊन ते सांगायची पाळी माझी होती, आणि तो वाट बघत होता.

"येतो मी," म्हणून मी बाहेर पडलो.

दुकानाकडं येताना अप्पांची आई, रुद्रम्मा, दारात बसलेली दिसली. मांडीवर नात. बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होती. मी विचारायच्या आधीच ती बोलली.

"लॉरीला काय तपासतोस, गोरोबा? सुनंला म्या मारलंय."

४

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"अव्वा, काय बोलताय?"

"खरं बोलत्ये. मध्यानरातीलाच शिवगंगा म्हणली, अव्वा, मला बार्शीला न्या, हे काय मला झेपंना. म्या म्हणलं, आमच्या घरच्या बायका घरातच बाळंत झाल्या. मलाबी दोन दिवस लागलं हुतं. शांतलिंग उठला लॉरी काढाया, म्या त्येला बसवला. तवाच बैलगाडी निघाली असती तर दिवस वर येईस्तोवर बार्शीत असती." तिनं बोळा परत दुधात बुडवला. "लॉरी बंद पडली तवा मला बरं वाटलं. ऐकलंस का? बरं वाटलं. म्हणलं, देवालाच पसंत न्हाय."

बोलताना तिचा उजवा पाय सरळ पसरलेला होता. तिला ओट्यावरून उठवायला दोन बायका लागतात हे मी मागच्या खेपेलाच पाहिलं होतं. गाडीखाली शिरणं तिच्या हातून होणारं नव्हतं. पण तसं सांगून तिचं ओझं हलकं झालं नसतं, कारण ती ताडपत्रीबद्दल बोलतच नव्हती.

अप्पांचा धाकटा भाऊ चन्नबसप्पा मागच्या खोलीत होता. मागच्या दुरुस्तीच्या वेळी तो माझ्या डोक्याशी उभा राहून ही गाडी विकून टाका म्हणून सांगत होता. पट्टीही त्यानं पाहिली होती. मी सरळ विचारलं, तसा तो उसळला.

"माझ्यावर आळ घेताव का? मंगळवारी दिवस उगवायला मी परंड्याच्या कचेरीत गेलो. पावसात अडकलो. दिवं लागल्यावर गुडघाभर चिखलातनं घरी आलो, तवा वहिनीच्या कळा चालू झाल्या व्हत्या. गाडी इका म्हणत व्हतो, व्हय. आजबी म्हणतो. पर ती माझी वहिनी व्हती, मिस्त्री. मी आठ वर्षांचा व्हतो तवा ह्या घरात आली. शेवटी बैलगाडीत पाणी मी पाजलं तिला."

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी निघून आलो.

छपराखाली परत येऊन लॉरीच्या पायरीवर बसलो. एव्हाना सगळं माझ्यासमोर होतं. फक्त मला ते जुळवायचं नव्हतं.

कोरड्या पायांनी कुणी शिरलं म्हणजे ते मंगळवारच्या पावसाआधी शिरलं. पावसानंतर छपरापर्यंत यायचं तर चिखल तुडवावाच लागत होता. चन्नबसप्पा पावसाआधी गावात नव्हता. बलभीमकडं पाने होते, त्याला नट चिमटून फिरवायची गरज नव्हती, आणि ती पट्टी कशासाठी असते हेच त्याला माहीत नव्हतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शिवगंगाबाईच्या कळा पावसानंतर, दिवेलागणीला सुरू झाल्या. ज्यानं हे केलं त्याला तिच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. त्याला लॉरी बाळंतिणीसाठी अडवायची नव्हती. त्याला बुधवारची बार्शीची खेप अडवायची होती.

मग पट्टीचं मर्म कुणाला ठाऊक होतं? मागच्या खेपेला खाली अंधार होता. मी हाक मारून आरसा मागवला होता. एकीनं आपल्या घरातून आरसा आणला, उन्हात उभी राहून उन्हाची तिरीप बरोबर त्या बोल्टावर धरली. माझी नजर जिथं जात होती तिथंच तिचीही जात होती.

"एवढ्याशा पट्टीवर एवढी मोठी गाडी?" तिनं विचारलं होतं.

मला शहाणपण दाखवायची हौस आली. "बाई, लोखंडाला तांबं भिडलं पाहिजे. मध्ये नुसता गंज आला, कागद आला, तरी गाडी टक् म्हणून बसेल. आणि कुणाच्या बापाला कळणार नाही."

हे माझेच शब्द होते.

लॉरीपासून वीस पावलांवर बलभीमचं घर होतं. दाराशी त्याची बायको बानूबाई उभी होती. ती माझ्याकडंच बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक.

५

मी गेल्यावर तिनं पाट मांडला. चूल थंड होती. वैलाशेजारी सांडशी पडलेली होती. सगळी काजळीनं काळी, पण तोंडाशी दोन्ही बाजूंना लोखंड घासून पांढरं झालेलं.

मी सांडशीकडं पाहिलं आणि तिनं माझ्याकडं.

"कळलं न्हवं तुमास्नी," ती म्हणाली.

"का केलंस, बाई?"

तिची तीन वर्षांची पोर कोपऱ्यात झोपली होती. तिला वाकळ पांघरून बानूबाई खाली बसली.

"परंड्याला माझी भन धुरपदा हाय. तिचा दादला हद्दीच्या नाक्यावर शिपाई. ऐतवारी बाजारात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बुधवारी सोनारीची लॉरी बार्शीवरनं येणार, तिच्यात सरकारच्या इरोधातली पत्रकं येणार, ही खबर नाक्याला लागलीय. ड्रायव्हरला जित्ता सोडायचं न्हाय असं चाललंय. म्या घरी येऊन ह्यास्नी म्हणलं, जाऊ नका. तर म्हणलं, अप्पांनी इश्वासानं सांगितलंय, मला न्हाई म्हणता येत न्हाय. आन तू जर कुठं तोंड उघडलंस तर माझं तोंड बघू नगंस." तिनं सांडशी उचलून बाजूला ठेवली. "मग मला तुमचं बोलणं आठवलं. एक दिस लॉरी बसली तर बसली. नाक्यावरची माणसं वाट बघून जातील. बिस्तरवारी मीच काढून टाकणार हुते त्यो तुकडा."

"आणि बुधवारी सकाळी?"

तिनं पोरीवरची वाकळ पुन्हा सारखी केली.

"रातभर म्या तिच्यापाशीच हुते. कंबर चोळत हुते. अप्पा म्हणलं लॉरी काढा, तवा माझ्या ध्यानात आलं. पळत घरी आले, सांडशी पदराखाली घेतली. छपराशी गेले तर सगळं गाव गोळा झालेलं. ह्ये गाडीखाली. त्या समद्या बाप्यांच्यात म्हणायचं हुतं, व्हा बाजूला, म्या केलंय. एवढंच म्हणायचं हुतं. तितक्यात कुणी तरी वरडलं, बैलं आणा. म्या म्हणलं, आता गाडी जुपल्यालीच हाय. जाईल पोचून. तोंड उघडाया एक घडी हुती माझ्यापाशी, मिस्त्रीदादा. ती म्या गिळली."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मी खाली बघत होतो. तिची घडी तिनं गिळली होती. चावडीत मीही एक गिळून आलो होतो, आणि माझ्यामागं तर गाव उभं नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "हे तुला आणि मलाच माहीत आहे. तुकडा माझ्या खिशात आहे. मी अप्पांना म्हणतो, मुद्दाम केलं असं वाटलं ते माझं चुकलं. गंज होता. बलभीम सुटेल. तू गप्प राहा."

तिनं मान वर केली. माझं बोलणं तिच्या कामाचं आहे की नाही, हे ती खरंच तोलत होती. मला वाटलं ती हो म्हणेल. मला ती हो म्हणायला हवी होती.

"तिला आंघोळ म्या घातली," ती म्हणाली. "घरातल्या बायका रडत हुत्या, म्हणून मलाच म्हणल्या, बानू, तू घाल. शेवटचं पाणी ह्या हातानं घातलंय. आता गंज म्हणू?"

ती उठली, झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं आणि अप्पांच्या ओट्याकडं चालायला लागली.

६

ओट्यावर अप्पा, चन्नबसप्पा, दारात रुद्रम्मा. बानूबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बहिणीचं नाव घेतलं नाही, बाकी काही लपवलं नाही. मी ताडपत्रीचा तुकडा अप्पांसमोर ठेवला.

चन्नबसप्पा एकदम पुढं आला. अप्पांनी नुसता हात आडवा केला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हिनं हे केलं तरी, हँडलानं गाडी उठली असती का?"

हा प्रश्न कुणी तरी विचारणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं.

"उठली असती, अप्पा. हँडलाला थोडीच वीज पुरते. तेवढी जात होती."

"आन हँडल बलभीमनं इकलं."

"नाही." मी अप्पांकडं बघितलं. "त्याची पिन मोडली होती. तुम्ही रागवाल म्हणून त्यानं गुपचूप माझ्याकडं दिलं. ते माझ्या दुकानात आहे. दीड महिना झाला. अर्ध्या तासाचं काम होतं, मी केलं नाही."

रुद्रम्माच्या मांडीवर पोर कुसकुसली.

मला वाटलं होतं अप्पा उठून मला मारतील. मारायला हवं होतं. ते ताडपत्रीच्या तुकड्याकडं बघत बसले. मग बानूबाईला म्हणाले, "नाक्यावर खबर लागली, हे तू माझ्याकडं येऊन का न्हाय सांगितलंस?"

"तुमच्याकडं?" ती म्हणाली. "तुमी धाडत हुता त्यास्नी, अप्पा."

अप्पांनी डोळे मिटले. "पत्रकं मला पायजे व्हती. जाणार त्यो व्हता. मी त्येला इचारलंबी नव्हतं, जातूस का म्हणून. सांगितलं व्हतं."

चन्नबसप्पा म्हणाला, "मग ह्यांचं करायचं काय, अण्णा? असंच सोडायचं?"

"काय करू? अमीनाला सांगू, की माझी पत्रकं आणू दिली न्हाईत म्हणून हिला धरा?" अप्पा हसल्यासारखे झाले, पण ते हसू नव्हतं. "बलभीमला सोडा. अमीनसाबाला सांगा, गाडीत गंज व्हता." मग बानूबाईकडं न बघता म्हणाले, "तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, बाई. मला कुणाचा तरी राग करता आला असता. आता तुमी हितं राहू नका. मला रोज तोंडं बघवणार न्हाईत. दिवस असतानाच निघा."

रुद्रम्मा म्हणाली, "शांतलिंग—"

"अव्वा, तू बोलू नगंस. तू तर अजिबात बोलू नगंस."

म्हातारीनं नातीला पदराखाली घेतलं.

मग अप्पा मला म्हणाले, "गाडी सुरू करा."

मी खाली शिरलो. लोखंड घासलं, पट्टी बसवली, पान्यानं नट आवळला. एवढंच. विडी ओढून होईस्तोवर काम झालं होतं. वर येऊन चावी फिरवली आणि बटण दाबलं. इंजिन पहिल्याच दाबाला उठलं. छपराचा पत्रा थरथरला, कोंबड्या उडाल्या, आणि ओट्यावरची सगळी माणसं एकदम मागं सरली. बुधवारी ज्या आवाजासाठी सगळं गाव नवस बोललं होतं, तो आवाज आता अंगणात भरून राहिला होता आणि न्यायला कुणी नव्हतं.

"बंद करा," अप्पा म्हणाले. मला ते ऐकू आलं नाही. ते ओट्यावरून उतरून माझ्यापर्यंत आले, आणि पुन्हा म्हणाले, "मिस्त्री, बंद करा ते."

मी बंद केलं.

"हँडल उद्या आणून देतो," मी म्हणालो.

"नका आणू."

अप्पांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. पण गावात गोष्ट राहते का? पुढं वर्षभर सोनारीकडून एकही काम माझ्याकडं आलं नाही, आणि मी ते मागायलाही गेलो नाही.

बलभीमला चावडीतून आणलं तेव्हा उन्हं कलली होती. बानूबाईनं घरातलं दोन बोचक्यांत बांधलं होतं. त्याला कोतवालानं वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण त्यानं तिला काही विचारलं नाही. माझ्याजवळून गेला तेव्हा मी म्हणालो, "बलभीम, मी सकाळीच बोलायला हवं होतं."

"व्हय," तो म्हणाला. त्यात शिवी नव्हती, माफीही नव्हती.

त्यानं मोठं बोचकं डोक्यावर घेतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि बायकोकडं न बघता वेशीकडं चालायला लागला. बानूबाई लहान बोचकं घेऊन मागून निघाली, आणि पिशवी उचलून मीही त्याच वाटेनं थोडा मागं. तो लांब लांब टांगा टाकत होता. दोघांमध्ये अंतर पडत गेलं, दहा पावलांचं, मग वीस पावलांचं. ती घाई करत नव्हती. आपल्याला आता मागंच राहायचं आहे, असं तिनं धरून ठेवल्यासारखं वाटत होतं.

वेशीच्या बाहेर पुलाजवळ ओढ्याचं पाणी अजून रस्त्यावरून वाहत होतं. घोटाभरच असेल. बलभीम पाण्याशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं खोली अंदाजतोय. पण तो पाण्याकडं बघत नव्हता. समोर बघत नुसता उभा होता. डोक्यावरचं बोचकं जड होतं, पोर कडेवर चुळबुळ करत होती, तरी तो उभाच होता. ती त्याच्या शेजारी येऊन पोचली तेव्हाच त्यानं पाऊल पाण्यात टाकलं.